फरीदाबादची गटारी

१

नीरज सैनी पडला तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि करोल बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून माणूस खाली येतो आणि शंभर लोकांतल्या एकालाही तो पडताना दिसत नाही. पडल्यावर मात्र सगळ्यांना दिसतो. तेव्हा मोबाइल काढायला वेळ असतो.

इमारत इंगवले रस्सा लिमिटेडची. तळमजल्यावर हॉटेल, वर ऑफिस. कोल्हापुरी मटण पंजाबी माणसाला विकून दाखवणारी कंपनी. चार शाखा, आणि चार वर्षांपूर्वी शेअर बाजारात नाव लागलेलं. नीरज तिथे हिशेब बघायचा. पोलिसांनी दोन दिवसांत आत्महत्या लिहून टाकली. आठवड्याभरात कंपनीने शेअर बाजाराला पत्र पाठवलं: फरीदाबादच्या दोन शाखांची विक्री गेली चार वर्षं फुगवून दाखवली होती, हे कृत्य मयत नीरज सैनी यांनी एकट्याने, बोनससाठी केलं, व्यवस्थापनाला कल्पना नव्हती.

मेलेला माणूस सगळ्यात सोयीचा. उलट उत्तर देत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याची बायको माझ्या क्लासात आली. मी हेरंब. करोल बागेतच एका जिन्याखालच्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना वाणिज्य शिकवतो. स्वतः सहा वेळा नापास झालो, म्हणून शिकवतो. पास झालो असतो तर कुणाला शिकवलं नसतं. नीरज माझा जुना विद्यार्थी. तोही नापास.

"सर, मी सुरुची. आपण लग्नात भेटलो होतो, याद आहे?"

ती आमच्यातलीच. वडील केंद्र सरकारात, सगळं बालपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मराठी बोलायची, पण मध्ये मध्ये हिंदीचा आधार घेत.

तिने एक पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "हा कपाटात मिळाला. वर चिठ्ठी होती, 'हेरंब सर को देना'. सर, तुम्ही बघा. आणि हे पण बघा."

दुसरा कागद कंपनीच्या वकिलाचा होता. नुकसानभरपाई म्हणून बेचाळीस लाखांचा दावा लावू, फरीदाबादचा फ्लॅट जाईल. नाही तर सोबतच्या कबुलीपत्रावर वारस म्हणून सही करा, दावा सोडून देतो. मुदत पंचवीस एप्रिल.

"सही केली तर घर राहतं," ती म्हणाली. "पण मग नीरज चोर, कायमचा. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. ती मोठी होऊन बापाचं नाव गूगल करेल ना, सर? मला त्याचं नाव साफ पाहिजे. घर गेलं तरी चालेल. बस, कुणीतरी सांगा की त्याने नाही केलं."

"आणि त्याने केलंच असेल तर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेनड्राइव्ह उचलला.

२

पेनड्राइव्हमध्ये चारही शाखांची रोजची विक्री होती. दिवसागणिक, पदार्थागणिक. मटण किती ताटं, कोंबडी किती, शाकाहारी किती.

आधी मी तिमाही निकाल काढले, जे सगळं जग बघतं. सोळा तिमाह्या. दरवेळी नफा मागच्यापेक्षा सहा-सात टक्के वर. पावसाळा असो, थंडी असो, कांदा ऐंशीला जावो. ज्याने आयुष्यात एकदा तरी वडापावची गाडी लावलीय त्याला विचारा, धंदा असा चढतो का? धंदा दारुड्यासारखा चालतो. दोन पावलं पुढे, एक गटारात. पण गुंतवणूकदाराला सरळ रेघ आवडते. दिसली की तो पैसे टाकतो आणि स्वतःला हुशार समजतो.

करोल बाग आणि आर. के. पुरम या शाखांचे आकडे खरे होते. कसं कळलं? ते घाणेरडे होते. एखाद्या मंगळवारी मटण धुळीला मिळालेलं, कारण दिल्लीत मंगळवारी निम्मी जनता मांस खात नाही. दोन्ही नवरात्रांत तर नुसती राजम्याची विक्री.

फरीदाबादचे आकडे स्वच्छ होते. तिथे मंगळवार आणि बुधवार सख्खे भाऊ.

नीरजने एका ओळीला पिवळा रंग दिला होता. तारीख अठ्ठावीस जुलै दोन हजार बावीस, वार गुरुवार. करोल बाग, मटण एकतीस ताटं. फरीदाबाद, मटण चारशे बारा ताटं. बाजूला त्याने इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं: का?

मी तासभर त्या ओळीकडे बघत बसलो. क्रिकेटचा सामना? नाही. सुट्टी? नाही. उलट उत्तरेत तेव्हा सावन चालू होता. इथला सावन आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो. लोक मांस सोडतात, रस्त्यावर गंगाजलाच्या कावडी घेऊन चालणारे असतात. करोल बागेत चौदा जुलैपासून मटण उतरलं होतं आणि राखीनंतर एकदम चढलं होतं. बरोबर. तसंच व्हायला पाहिजे.

फरीदाबादेत मात्र सगळा सावनभर मटण जोरात, गुरुवारी चारशे बारा, आणि शुक्रवारपासून धाडकन चाळीस. मग राखी झाली तरी चाळीसच. थेट सत्तावीस ऑगस्टपर्यंत.

माझ्या खोलीत भिंतीवर मराठी कॅलेंडर असतं, दरवर्षी बहीण पाठवते. जुनी कॅलेंडरं मी फेकत नाही, मागची बाजू कच्च्या कामाला येते. बावीस सालचं शोधलं. अठ्ठावीस जुलै, आषाढ अमावास्या. एकोणतीसपासून श्रावण. सत्तावीस ऑगस्टला संपला.

आपला श्रावण. इकडच्यापेक्षा पंधरा दिवस उशिरा लागणारा, महाराष्ट्राचा श्रावण.

फरीदाबादच्या जाट-गुज्जर गिऱ्हाइकांनी चारशे बारा ताटं मटण खाऊन गटारी साजरी केली होती.

३

"गटारी म्हणजे?" स्वरूपा इंगवले म्हणाली.

मालकाची मुलगी. कंपनीची फायनान्स डायरेक्टर. केबिनमध्ये काच, काचेबाहेर गर्दी. मी तिला सांगितलं होतं की नीरज माझा विद्यार्थी, त्याच्यावर श्रद्धांजलीचा लेख लिहितोय. खोटं. पण त्या इमारतीत खरं बोलायची सवय कुणालाच नव्हती.

"श्रावणाच्या आदल्या दिवशी मटण खातात, पितात. महाराष्ट्रात."

"ओह, पापा बोलले असतील कधी. मी इथेच शिकले, हेरंबजी. माझ्यासाठी सावन म्हणजे सावन. आमच्या धंद्यात तर रोना आहे तो महिना. राखीची वाट बघतो आम्ही, यार. राखीनंतर सेल उसळतो."

"फरीदाबादला पण?"

"सगळीकडे." तिने पटकन उत्तर दिलं. विचार न करता. म्हणजे फरीदाबादच्या रोजच्या आकड्यांवर तिने आयुष्यात नजर टाकली नव्हती.

"मग ज्याने खोटे आकडे भरले त्याला राखी माहीत नव्हती. त्याच्या घरात मराठी कॅलेंडर होतं. नीरज फरीदाबादचा, सैनी. तो कशाला आपल्या श्रावणाने आकडे भरेल?"

तिचा चेहरा अर्धा क्षण पडला. मग तिने पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि हसली.

"हेरंबजी, तुम्ही विसरताय. त्याची बायको मराठी आहे."

४

मी मेट्रोने फरीदाबादला गेलो. सुरुची दारातच विचारायला लागली, "मिळालं काही?"

"आधी सांग, तुमच्या घरी श्रावण पाळतात?"

"सावन ना? सासूबाई पाळतात. राखीपर्यंत अंडंसुद्धा नाही."

"आणि तू? मराठी श्रावण? गटारी?"

"ते काय असतं, सर? गटर?"

ती खोटं बोलत नव्हती. बाप शाकाहारी, अमरावतीचा, गणपती आणि हळदीकुंकू सोडून दिल्लीत त्याने काही टिकवलं नव्हतं. घराच्या भिंतीवर हिंदी पंचांग, सासूबाईंच्या औषधांच्या खुणांनी भरलेलं.

"म्हणजे त्याने नाही केलं?" तिने विचारलं.

"नाही केलं."

ती खाली बसली, तिथेच, चपलांच्या शेजारी. रडली नाही. "बस, एवढंच लिहून द्या सर. कोर्टात, पेपरात, कुठेही."

"कुणी केलं ते कळल्याशिवाय माझं कोण ऐकतंय? थोडं थांब."

थांब म्हणणं मला फार सोपं जातं. मी वीस वर्षं मुलांना तेच सांगतोय.

दुसऱ्या दिवशी मी सूर्यकांत इंगवलेंसमोर बसलो, त्यांच्याच हॉटेलात. साठीचा माणूस, कागलचा, पस्तीस वर्षांपूर्वी भांडी घासायला दिल्लीत आलेला. मराठी मंडळाच्या गणपतीची मूर्ती दरवर्षी त्यांच्या पैशाने येते. मला ते मास्तर म्हणतात.

"या मास्तर! काय घेणार? तांबडा देऊ का पांढरा?"

"चहा."

"खानावळीत येऊन चहा? अपमान करता का गरिबाचा?" त्यांनी पांढरा रस्सा मागवलाच. "पोरगी सांगत होती, तुम्ही पंचांग घेऊन फिरताय. ज्योतिष सुरू केलं काय?"

"फरीदाबादचे आकडे कुणी बनवले, इंगवलेसाहेब?"

वाटीतला चमचा थांबला नाही. "मेला तो. देव त्याला क्षमा करो."

"त्याने नाही. गटारीला चारशे बारा ताटं मटण विकलंय कुणीतरी. फरीदाबादेत."

आता चमचा थांबला. आणि मग हा माणूस हसला, मनापासून, पोट धरून हसला. "गटारी! फरीदाबादेत! अहो, कावडवाल्यांच्या दिवसांत मी तिथे मटणाचा टोप चुलीवर ठेवत नाही. डोकी फुटतील. 'राखी के बाद मटन मेला', ही जाहिरात कुणाच्या डोक्यातली? माझ्या! पस्तीस वर्षं या लोकांची भूक मोजून खातोय मी. मी आकडे बनवले असते तर असे बनवले असते का?"

खरं होतं. तेच माझं दुर्दैव होतं. इथला सावन या माणसाइतका दिल्लीत कुणाला कळत नव्हता.

उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हसू गेलं होतं.

"मास्तर, जपून. तुमच्या किती पोरांनी माझं मीठ खाल्लंय, ते एकदा मोजा."

मला वाटलं, धमकी आहे. ती माहिती होती.

५

उरला ऑडिटर. श्यामकांत भागवत, चार वर्षं कंपनीच्या ताळेबंदावर सही करणारा. आर. के. पुरममध्ये भाड्याचं ऑफिस, भिंतीवर मराठी कॅलेंडर. ते बघून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

"अहो हेरंबराव, श्रावण मी पाळतो. बारा महिने पाळतो. मी लसूण खात नाही."

"गटारी माहीत आहे?"

"पुण्यात वाढलोय, माहीत नसेल कशी? शेजारच्या वाडीत नाल्यात पडलेले बघितलेत." चष्मा काढून त्याने पुसला. "पण तुम्ही मला चोर ठरवायच्या आधी एक भागाकार करा. फरीदाबादचं एक बिल सरासरी सातशे रुपयांचं. वर्षाला किती बिलं झाली?"

मी वर्षाच्या विक्रीला सातशेने भागलं. साठ हजारांच्या वर.

"प्रत्येकावर टेबल नंबर आहे, वेळ आहे, पदार्थ आहेत. कुणी लिंबू जास्त मागितलंय, कुणी भाकरी परत केलीय. मी शंभर बिलं उचलून बघतो, तेवढीच फी मिळते मला. ती शंभरच्या शंभर खरी वाटली. अहो, इतकी जिवंत बिलं मी आयुष्यात बघितली नाहीत."

"आणि एवढी विक्री दाखवायची तर गल्ल्यात पैसा कुठून आला?"

"मालक शेअर गहाण टाकून कर्ज काढायचा. तोच पैसा फिरून गल्ल्यात. मी विचारलं नाही." त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्याला कानफटवावंसं वाटलं. "विचारलं असतं तर दुसरा ऑडिटर आला असता. त्यानेही विचारलं नसतं. मी भित्रा आहे हेरंबराव, पण कामसू नाही. साठ हजार बिलं मी बनवेन?"

"मग कोण बनवेल?"

"एकट्याचं काम नाही. दहा-बारा जण लागतील. संध्याकाळी रिकामे असणारे, टायपिंग येणारे, फार प्रश्न न विचारणारे. आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे," त्याने चष्मा परत लावला, "महाराष्ट्रातून नुकतेच आलेले. दिल्लीचा सावन अजून न बघितलेले. अशी पोरं कुठे मिळतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

मी त्याच्या ऑफिसातून कसा बाहेर पडलो ते आठवत नाही. आठवला तो एक गणपती. एकवीस सालचा, मंडळाच्या मांडवामागे. इंगवले म्हणाले होते: 'मास्तर, गरजू पोरं असतील तर पाठवा. संध्याकाळचं टायपिंग आहे. खोली फुकट, दोन वेळचं जेवण फुकट.' आणि मी, उपकार केल्याच्या थाटात, माझ्या क्लासातली अकरा मुलं पाठवली होती.

६

अकरापैकी दहा जण दिल्ली सोडून गेले होते. समर्थ जालन्यात मोबाइलचं दुकान चालवतो, बाकीचे कुठे कुठे. एकच उरली होती. अक्षया. हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, बाप एसटीत कंडक्टर. करोल बागेच्या मागच्या गल्लीत कंपनीच्या त्याच फुकट खोलीत राहत होती. मुख्य परीक्षा पास झाली होती. मुलाखत तीन आठवड्यांवर. वीस वर्षांत माझ्या क्लासातून मुलाखतीला पोचलेली ती तिसरी.

"फरीदाबादची गटारी कुणी केली?" मी दारातूनच विचारलं.

ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "समर्थने. मी म्हणाले होते नको."

एवढं सोपं होतं. कुणीतरी विचारायची वाट बघत बसलं होतं उत्तर.

"इंगवलेकाका महिन्याचा आकडा द्यायचे, सर. तोंडी. 'मागच्यापेक्षा सात टक्के वर न्या.' दिवस आम्ही भरायचो. कुठल्या दिवशी किती, कोण काय खाणार, सगळं आम्ही. आधी म्हणाले, मशीनची चाचणी आहे, खोटी बिलं टाकून बघायची. दोन महिन्यांत कळलं सगळ्यांना. पण जेवण मिळत होतं. त्या दिवशी समर्थ म्हणाला, 'अरे आज गटारी, घरी सगळे मटण हाणतायत आणि आपण इथे बिलं टाइप करतोय. चढवा रे फरीदाबादला!' आम्ही खूप हसलो. उपाशी माणसाने कागदावर जेवावं तसं. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लावला."

"सगळा महिना?"

"आमच्या घरी सगळा महिना पाळतात. इथे वेगळा असतो हे कुणाला माहीत होतं? आम्ही खोलीतून बाहेर कधी पडलो?"

म्हणून ती चूक. दिल्ली ओळखणारा मालक फक्त तिमाहीची बेरीज बघायचा. त्याची मुलगी तीच बेरीज बाजाराला पाठवायची. ऑडिटर शंभर बिलं बघायचा. दिवसाकडे बघणारा एकच माणूस होता. नीरज.

"त्याला कधी कळलं?"

"जानेवारीत इथे आले होते. गल्लीतल्या वाण्याने सांगितलं म्हणे, फरीदाबादची बिलं वर छापतात. दारात उभे राहिले. म्हणाले, 'बच्चे हो तुम लोग.' मग आत येऊन बसले. त्याच संध्याकाळी ते..." ती थांबली.

"तू हे सगळं लिहून देशील. सुरुचीला पाहिजे. पंचवीस एप्रिलच्या आत."

आता तिने पुस्तक मिटलं.

"देते ना सर. लिहा: अक्षया, वय सव्वीस, हिने चार वर्षं खोटी बिलं बनवली. पोलीस गुन्ह्यात माझं नाव घालतील की नाही? निवड झाली तरी चारित्र्य पडताळणीत काय लिहून येईल? बाबांनी जमीन नाही विकली, त्यांच्याकडे नाहीच. त्यांनी नोकरीत तीस वर्षं डबल ड्यूटी केलीय." ती रडत असती तर बरं झालं असतं. "आणि सर, दुसरं नाव कुणाचं लिहू? पाठवणाऱ्याचं?"

मी जायला वळलो.

"निकालापर्यंत थांबा," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये लागेल. पास झाले तर सांगू नका, नापास झाले तर मी स्वतः येईन."

आणि मी, ज्याने जगाला भित्रा म्हणायचं कंत्राट घेतलंय, मी म्हणालो, "ठीक आहे."

७

तरी मी एक तक्रार पाठवली. माझ्या एकट्याच्या नावाने, गटारी आणि श्रावण सगळं मांडून, मुलांची नावं वगळून. शेअर बाजाराकडून तक्रारीचा एक नंबर आला. पोलीस ठाण्यात उपनिरीक्षकाने वाचलं आणि विचारलं, "ये गटारी क्या बीमारी है?" साक्षीदार विचारला. मी नाही म्हणालो. त्याने कागद परत दिला.

सुरुचीचे फोन यायचे. आधी रोज, मग दिवसाआड. पहिले दोन उचलले. "काम चालू आहे," म्हणालो. पुढचे उचलले नाहीत. काय सांगणार होतो? की तुझ्या नवऱ्याचं नाव साफ करणारी मुलगी मला माहीत आहे, पण तिची मुलाखत आहे?

मार्च संपता संपता कंपनीने सांगितलं, वाईट आकडे वगळले, आता सगळं स्वच्छ आहे, नवीन शाखा नोएडात. शेअर चार दिवस रोजच्या वाढीच्या वरच्या मर्यादेला चिकटला. बाजाराला मेलेला माणूस आवडतो. त्याच्यासोबत सगळं जाळता येतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात यादी लागली. अक्षयाचं नाव नव्हतं. मी तीनदा वाचली. अकरा गुणांनी गेली, हे नंतर कळलं.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासात आली, केस विंचरलेले, हातात फाइल. "चला सर."

"आधी काही खाऊन..."

"चला म्हटलं ना."

मेट्रोत ती फाइल मांडीवर धरून बसली. फरीदाबादला सुरुचीने दार उघडलं. ती घाईत नव्हती, तिला आश्चर्यही वाटलं नाही. आत मुलगी रंगवत बसली होती.

"ही अक्षया," मी म्हणालो. "हिने बिलं बनवली. ही लिहून द्यायला तयार आहे. इंगवलेंनी सांगितलं, त्यांनी स्वतः. अजून तीन दिवस आहेत..."

"मी सोमवारी सही केली, सर."

मी अक्षयाच्या हातातल्या फाइलकडे बघितलं.

"दीड महिना तुम्ही फोन नाही उचलला. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल की त्यानेच केलं, आणि तुम्हाला सांगवत नसेल." तिने कपाटातून प्रत काढून दिली. कबुलीपत्र दोन पानांचं. आकड्यांचा गुन्हा नीरजने केला. पुढचं कलम: त्यांनी अपराधी भावनेने, स्वतःच्या मर्जीने जीवन संपवलं, मृत्यूबाबत माझा कुणावर संशय नाही, पुढेही तक्रार करणार नाही. खाली सुरुचीची सही, साक्षीदार म्हणून सासऱ्यांची.

सुरुचीने अक्षयाकडे वळून पाहिलं. तिला राग आला नव्हता. राग यायलासुद्धा काहीतरी शिल्लक लागतं.

"त्या दिवशी तो तुमच्या खोलीवर आला होता?"

"हो ताई."

"जेवला होता का काही? त्याच्या सामानात दुपारचा डबा नव्हता, म्हणून विचारते. डबा मिळालाच नाही."

"आम्ही आग्रह केला," अक्षया म्हणाली. "समोर ताट केलं. नाही म्हणाले. म्हणाले, 'सुरुची ने मेथी बनाई है, घर जाके खाऊँगा. कल सुबह आऊँगा, सब मिलके पुलिस के पास चलेंगे, डरना मत.' कुठल्या दिवशी किती टाकायचं ते आम्ही ज्या वहीत लिहायचो, तिचे फोटो काढले त्यांनी. मग इंगवलेकाकांचा फोन आला. काका ऑफिसच्या गच्चीवर बोलवत होते. 'दस मिनट में आता हूँ' म्हणाले, आणि डबा आमच्याकडेच ठेवून गेले."

आतल्या खोलीत मुलीच्या पेन्सिलीचा आवाज थांबला नव्हता.

"कुणी बोलावलं?" सुरुची म्हणाली.

"इंगवलेकाकांनी."

मी अक्षयाचा दंड धरला. जोरात धरला असणार. "हे तू मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, सर," ती म्हणाली. "तुम्ही फक्त आकड्यांचं विचारलंत."

सुरुचीने माझ्या हातातलं कबुलीपत्र घेतलं. दुसरं पान काढलं. त्या कलमावर बोट ठेवून ती वाचायला लागली, शब्द शब्द, मोठ्याने, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी. 'स्वतःच्या मर्जीने' पर्यंत आली आणि पुढे जाईना. परत सुरुवातीपासून वाचायला लागली.